फुलपात्रावरची दोन बोटं

कासारवाडी स्टेशनाच्या अलीकडे रुळांना लागून जी गल्ली जाते, तिथं भिवा मिस्त्रीचं गॅरेज कुठं म्हणून विचारलंत तर लोक डोकं खाजवतील. 'कानवाला मिस्त्री' म्हणालात की लगेच हात करून दाखवतील. पत्र्याची शेड, दाटीवाटीनं दोन गाड्या मावतील एवढी जागा, एका भिंतीला टांगलेले पाने, आणि दुसऱ्या भिंतीला टेकून स्टुलावर बसलेली त्याची बायको कस्तुरा. मांडीवर सूप, पायाशी पाण्याचा माठ, माठावर पालथं घातलेलं फुलपात्र.

गॅरेजात बायकोचं काय काम, असं नवं गिऱ्हाईक हमखास विचारायचं.

"घरी करमत न्हाई तिला," भिवा सांगायचा.

"मला करमत न्हाई?" कस्तुरा सुपातला खडा लांब फेकत म्हणायची. "मी दिसले न्हाई तर ह्यांना पाना सापडत न्हाई, अन् म्हणं मला करमत न्हाई."

गिऱ्हाईक हसायचं, ते दोघंही हसायचे. खरं कारण तिसरंच होतं, आणि ते त्या दोघांनी गिऱ्हाइकाला तर नाहीच, एकमेकांनाही कधी सांगितलेलं नव्हतं.

भिवा गेवराईकडचा. अठराव्या वर्षी चुलत्याच्या मागं मागं पिंपरीला आला आणि फोर्जिंगच्या एका कंपनीत हॅमरवर लागला. हॅमर म्हणजे काय ते कस्तुरानं एकदाच पाहिलं, कंपनीनं घरच्या माणसांना बघायला बोलावलं होतं तेव्हा. लालभडक लोखंड खाली ठेवायचं आणि वरून खोलीएवढं वजन आदळायचं. पहिल्याच ठोक्याला तिच्या कडेवरचं लेकरू रडायला लागलं, पण नुसतं तोंड उघडलेलं दिसत होतं, रडणं ऐकूच येत नव्हतं. अशा ठोक्यांत भिवानं बावीस वर्षं काढली. कंपनी कानात घालायला कापूस द्यायची. भिवा तो कानात न घालता डब्याच्या पिशवीतून घरी आणायचा. पांढराशुभ्र कापूस, कानात कोंबून कशाला वाया घालवायचा? कस्तुरानं त्याच्या दोन उशा भरल्या. छान मऊ झाल्या. कंपनीला बरं फसवलं म्हणून तेव्हा दोघं खूश होते. अजून त्याच उशांवर झोपतात.

दुसरी पाळी असली की सकाळचा मोकळा वेळ भिवा आबाजी मिस्त्रीकडं काढायचा. पुढं कंपनीनं हॅमर बंद केले, माणसं घरी पाठवली, आबाजीही तोवर थकून गावी गेले, आणि त्यांची शेड भिवाकडं आली. आबाजींनी त्याला बाकी काय शिकवलं असेल नसेल, पण मिसिंग काढायला शिकवलं.

हा मिसिंग शब्द कस्तुरानं पहिल्यांदा ऐकला तेव्हा तिला वाटलं, कुणाचं माणूस हरवलं. स्टेशनावर फोटो चिकटवतात ना, तसं.

"कोण मिसिंग झालंय वो?"

"सिलेंडर."

तिनं स्वयंपाकघरात डोकावून बघितलं. सिलेंडर जागेवर होता. मग भिवानं पोट धरून हसून घेतलं आणि तिला बसवून सांगितलं. गाडीच्या इंजिनात चार खोल्या असतात. प्रत्येकीत आपापल्या पाळीला ठिणगी पडते, जाळ होतो, आणि चौघींच्या जोरावर गाडी पळते. एकीत जाळ झाला नाही की गाडी लंगडते, धक्के देते, चढाला दमते. चौघींतली कुठली गप्प बसलीय ते हुडकायचं. इंजिन चालू ठेवायचं आणि एकेकीची वीज तोडून बघायची. कामाच्या खोलीची तोडली तर आवाज आणखी पडतो, इंजिन गुदमरतं. गप्प बसलेलीची तोडली तर काहीच होत नाही. आवाज होता तसाच.

"काढला तरी कुणाला कळत न्हाई, तो मेलेला," भिवा म्हणाला होता. कस्तुराला ते लगेच पटलं. तिच्या सासरी असा एक दीर होता.

भिवाला तर वीज तोडायचीही गरज पडायची नाही. लांब स्क्रू-ड्रायव्हरचं टोक इंजिनावर टेकवायचं, मूठ कानाला लावायची, डोळे मिटायचे आणि सांगायचं, "तीन नंबर." उघडून बघावं तर तीनच. मोठमोठ्या वर्कशॉपनी हात टेकलेल्या गाड्या त्याच्याकडं यायच्या. कानवाला हे नाव त्याला तिथून पडलं.

हा कान कधी गेला ते नेमकं सांगता येणार नाही. माणूस गेला तर तारीख असते, कान गेला तर नसते. एका रविवारी विहारात वंदना संपून सगळे खाली बसले तरी भिवा हात जोडून उभाच. लोकांना वाटलं, काय श्रद्धा आहे! कस्तुरानं शर्ट ओढून त्याला खाली बसवलं. मग घरात 'हां हां' वाढलं. दळण आणलं का? हां हां. दळण आणलेलं नसायचं. भाजीत मीठ बरोबर हाय का? हां हां. भाजीत मीठच नसायचं.

"डॉक्टरला दाखवू," ती एकदा म्हणाली. मोठ्यानं म्हणावं लागलं.

"कानाच्या डॉक्टरला? मी?" भिवा म्हणाला. "उद्या कानात यंत्र घालून गाडीवर वाकलो तर लोक काय म्हणतील? कानवाल्याचाच कान दुरुस्तीला आला?"

तो विषय तिथंच मिटला.

दोन वर्षांपूर्वीची गोष्ट. मिसिंगची एक गाडी आली. भिवानं स्क्रू-ड्रायव्हर लावला, काढला, परत लावला. मग एकेकीची वीज तोडून बघितली, आणि परत पहिल्यापासून बघितली. गिऱ्हाईक घड्याळाकडं बघायला लागलं. कस्तुरा जेवणाचा डबा घेऊन आलेली, भिंतीशी बसली होती. वीस वर्षं ती रोज दुपारी तिथं बसत आली होती, आणि बसून बसून तिचाही कान तयार झाला होता, हे तिलाच माहीत नव्हतं. भिवाचा हात पार पलीकडं गेला तेव्हा आवाज पडला नाही. तिला ते स्वच्छ ऐकू आलं. पण बोलायचं कसं? गिऱ्हाइकासमोर बायकोनं मिस्त्रीला सांगायचं?

भिवा पाणी प्यायला आला. कपाळावर घाम, आणि डोळे असे की तिला बघवेनात. तिनं डाव्या तळहातावर फुलपात्र धरलं आणि उजव्या हाताची चार बोटं त्याच्या काठावर ठेवली. भिवानं बोटांकडं बघितलं. पाणी सावकाश प्याला.

"चार नंबर," तो गिऱ्हाइकाला म्हणाला.

चारच निघाला. त्या संध्याकाळी भिवानं जिलबी आणली. कशाबद्दल ते तो बोलला नाही, तिनं विचारलं नाही. दुसऱ्या दिवसापासून ती सकाळीच सूप घेऊन गॅरेजात येऊन बसायला लागली.

मोजायचं कसं हेही न बोलताच ठरलं. भिवा कधी इकडून सुरू करायचा, कधी मधूनच, म्हणून तिनं जागा धरली. आपल्या जवळचा तो एक, लांबचा तो चार. तेच मिस्त्री लोकांच्या मोजणीशी जुळत होतं, कारण मिस्त्री इंजिनाचा पट्टा असतो त्या बाजूनं मोजतात आणि गाडी आत आली की पट्ट्याची बाजू कस्तुराच्या भिंतीकडं यायची. दोन वर्षं एकही बोट चुकलं नाही. कानवाल्याचं नाव होतं तसं राहिलं.

मागच्या दिवाळीनंतर रस्ता रुंद झाला. शेडचं पुढचं तोंड आठ फूट कापलं गेलं, त्याच्या पुढं गटार आलं, आणि गाडी आत घ्यायची सोयच राहिली नाही. भिवानं पुढून विटा रचल्या आणि मागच्या गल्लीकडून दार पाडलं. सगळं उलटंपालटं झालं. कस्तुराचं स्टूल आणि माठ तेवढे जुन्या भिंतीला होते तिथं राहिले.

आणि मग उद्धवराव आला.

उद्धवराव थेरगावचा, पन्नाशीचा, भिवाचं पंधरा वर्षांचं गिऱ्हाईक. चाकणच्या एका कंपनीत पॅकिंगला जाणाऱ्या सात बायकांना तो रोज पहाटे दोन खेपांत पोचवायचा आणि दुपारी परत आणायचा. तेवढ्या एका फेरीवर त्याचं घर चाललं होतं.

"भिवाभाऊ, जरा कान द्या," तो गाडीतून उतरत म्हणाला. हा त्याचा नेहमीचा विनोद. "मोशीच्या चढाला अशी धक्के मारायली की मागच्या बायका म्हणाल्या, उद्धवराव, आम्ही उतरून ढकलू का?"

भिवानं ओठांकडं बघून ऐकलं. "कवापासून?"

"परवापासून. समोर पिवळी बत्ती पण लागलीय."

रुळांवरून लोणावळ्याची लोकल धडधडत निघून गेली. भिवा अशा वेळी कस्तुराकडं बघायचा. तिनं मान हलवली की लोकल लांब गेली असं समजायचं. तिनं मान हलवली. उद्धवराव आत बसून सुपरवायझरशी फोनवर बोलायला लागला, इंजिन चालू होतं, आणि भिवा बॉनेटमध्ये वाकला. हात जवळ आला, इंजिन गुदमरलं. लांब गेला, गुदमरलं. मधे आला. कस्तुराचं निवडणं थांबलं. तिच्याकडून दुसऱ्यावर हात होता आणि आवाज होता तसाच.

भिवा पाणी प्यायला आला. फुलपात्रावर दोन बोटं.

"दोन नंबर," भिवा म्हणाला.

दोन नंबरचा प्लग बदलला. मिसिंग तसंच. मग दोन नंबरची कॉइल बदलली. कॉइल म्हणजे प्लगच्या डोक्यावर बसते आणि त्याला वीज देते ती. पिंपरीतून कोरी करकरीत आणली, बसवली. तरी तसंच. भिवानं परत एकदा चारही तोडून बघितले. परत पाणी. परत दोन बोटं.

मग त्यानं प्लग काढला, त्या भोकात रबरी नळीचा तुकडा दाबून बसवला, वरच्या तोंडावर अंगठा ठेवला आणि उद्धवरावला चावी फिरवायला सांगितलं. खोलीत दाब असेल तर हवा अंगठा उडवून लावते, नसेल तर खोलीतच काही फुटलंय. हा आबाजींचाच धडा. अंगठा उडाला. चांगला जोरात उडाला, कस्तुरानं लांबून बघितलं. भिवानं तीनदा करून बघितलं, तीनदा उडाला. म्हणजे दोन नंबरला काहीच झालेलं नव्हतं. अंगठा तेच सांगत होता.

भिवा अंगठ्याकडं बघत उभा राहिला. मग पाणी प्यायला आला. तहान कुठली, आत्ताच तर प्याला होता. तो फुलपात्राकडं बघत नव्हता, तिच्या तोंडाकडं बघत होता. शाळेतलं पोर मास्तरला दुसऱ्यांदा विचारतं ना, तसा. कस्तुरानं दोन बोटं काठावर घट्ट दाबून धरली. दोनच. तिला शंकाच नव्हती. आणि खरं सांगायचं तर थोडा रागही आला होता. दोन वर्षांत एकदा तरी चुकले का मी?

"हेड खोलावं लागल," भिवा उद्धवरावला म्हणाला.

"हेड? भाऊ, आणि माझ्या बायका?"

"तुमची बायको कुठाय गाडीत?"

"तशी नाही हो! सात बायका! चाकणच्या!" उद्धवराव ओरडला आणि स्वतःच हसला. हसताना तो भिवाकडं जरा जास्त वेळ बघत राहिला.

इंजिनाचं डोकं उतरवणं म्हणजे घराचा पत्रा उतरवण्यासारखं. खाली सगळं उघडं पडतं. तीन दिवस भिवा त्यावर होता. दोन नंबरची खोली आतून नीट होती. झडपा धुतल्या, घासल्या, परत बसवल्या, नवं गॅस्केट घातलं. घरी जेवताना भाकरीचा तुकडा मोडायचा आणि अंगठा बोटांवर घासत बसायचा.

चौथ्या दिवशी गाडी चालू केली. लंगडी आली होती, लंगडीच उभी राहिली.

तोवर चाकणची फेरी दुसऱ्या ड्रायव्हरला गेली होती. सात बायका चार दिवस रस्त्यावर उभ्या ठेवायला कंपनी काही उद्धवरावची मेहुणी नव्हती. त्यानं ते शांतपणे सांगितलं.

"तुमची चूक नाही, भाऊ. गाडीच म्हातारी झाली."

हे तो मोठ्यानं बोलला, एकेक शब्द सुटा करून, तोंड भिवासमोर धरून. पंधरा वर्षांत तो असा कधी बोलला नव्हता. कस्तुराच्या हातातलं सूप तिरपं झालं. ह्याला कळलंय, तिच्या मनात आलं. भिवा म्हणाला, "हां हां," आणि दार उघडून दिलं. गाडी धक्के देत मागच्या गल्लीतून गेली.

तिसऱ्या दिवशी समाधान आला. हा आठ वर्षं भिवाच्या हाताखाली होता. आता डांगे चौकाजवळ स्वतःचं गॅरेज आहे, चार माणसं आहेत, गाडीला वायर जोडली की दुखणं अक्षरात लिहून देणारं यंत्र आहे. येताना त्यानं केळी आणली होती. आजारी माणसाला बघायला आल्यासारखी.

"मामी, मामा कुठायत?"

"मागं हायेत. काय काम काढलंस?"

समाधान चुळबुळला. "उद्धवरावची गाडी माझ्याकडं आलीय. मामांनी दोन नंबरची जुनी कॉइल काढली होती ना, ती ठेवलीय का? ती चांगली आहे. ती मला पाहिजे."

"चांगली?"

"हो ना. यंत्र लावलं तर तीन नंबर आला. तीनची कॉइल मेली होती. मामांनी दोनवर नवी बसवलेलीच होती, तीच उचलून तीनवर लावली. झाली गाडी गप्प. आता दोन रिकामा आहे, म्हणून म्हटलं जुनी..." तो थांबला. "मामी, मामांच्या कानातून तीन नंबर सुटला कसा? शेजारच्या घरात औषध दिलं हो त्यांनी."

कस्तुरानं खोक्यातून कॉइल काढून दिली. समाधान केळी ठेवून गेला. तो गेल्यावर तिनं स्टुलावर बसून बघितलं. मागच्या दाराकडं तोंड केलं, मग पुढच्या विटांकडं. गाडी पूर्वी त्या विटांच्या बाजूनं आत यायची. आता मागून येते. म्हणजे तिचं तोंड फिरलं. म्हणजे जी कूस माझ्याकडं असायची ती आता पलीकडं गेली. म्हणजे माझा एक तो त्यांचा चार. आणि माझा दोन...

तिनं बोटांवर परत मोजलं. तीन.

दार पाडल्यापासून चार महिने झाले होते. ब्रेक, क्लच, ऑइल अशीच कामं आली होती. मिसिंगची एकच गाडी आली होती, तीन खोल्यांच्या इंजिनाची, आणि तिची मेली होती नेमकी मधली. मधली इकडून मोजा नाहीतर तिकडून मोजा, मधलीच. नशीब असं दात काढून हसतं कधीकधी.

सांगायला पाहिजे होतं. पण काय सांगायचं? तुमचा अंगठा बरोबर होता, माझी बोटं चुकली, असं म्हणायचं तर आधी हे म्हणावं लागणार होतं की दोन वर्षं बोटं होती. ते शब्द त्या घरात कधी उच्चारलेच गेले नव्हते. गप्प बसायचं तर तेही होईना. कारण संध्याकाळी ती घरी आली तेव्हा भिवा मोरीत उभा होता. नळ पूर्ण सोडलेला, आणि नळाच्या तोंडावर अंगठा दाबून धरलेला. पाणी चारी बाजूंनी उडत होतं, शर्ट भिजला होता.

"अवो, हे काय?"

"अंगठा बी गेला बघ, कस्तुरे," तो नळाकडं बघत म्हणाला. "जोर हाय का न्हाई तेच कळंना."

ती त्याच्या पाठीशी उभी राहिली आणि हळूच म्हणाली, "अंगठा बरा हाय तुमचा. माझीच बोटं उलटी पडली."

"हां हां," भिवा म्हणाला.

तिनं दुपारपासून जुळवलेलं धाडस त्या दोन हांमध्ये वाहून मोरीतून गेलं. ऐकू जाईल असं सांगायचं तर ओरडावं लागणार, आणि भिंतीपलीकडं छबूबाई. छबूबाईला कळलं की पूर्ण कासारवाडीला कळलं. नवऱ्याचा कान गेलाय हे नवऱ्याला सांगायला गल्लीला ऐकवावं लागावं, हा कुठला न्याय?

दुसऱ्या दिवशी दुपारी शेड रिकामी होती. कस्तुरानं चार जुने प्लग घेतले आणि गाडीचं इंजिन येतं तिथं जमिनीवर ओळीनं उभे केले. भिवाला हाताला धरून आणलं. स्टुलावर बसली, जवळच्या प्लगकडं बोट केलं आणि एक बोट दाखवलं. मग दोन, तीन, चार. मग उठून विटांपाशी गेली आणि दोन्ही हातांनी गाडी आत येते तसं करत चालत आली. नंतर मागच्या दारात जाऊन तिकडून चालत आली. आणि मधोमध उभं राहून आपला पंजा पालथा केला. तिचं हे चाललेलं कुणी बघितलं असतं तर म्हातारी नाचते म्हणालं असतं.

भिवा मिस्त्री होता. त्याला वेळ लागला नाही. त्यानं तिच्या भिंतीकडून दुसरा प्लग उचलला आणि पलीकडून मोजला. तीन.

"म्हंजे अंगठा बरा हाय!" तो मोठ्यानं म्हणाला, आणि हसला. गेल्या आठ दिवसांत पहिल्यांदा हसला. डाव्या मुठीत उजवा अंगठा धरून, हरवलेलं पोर सापडल्यासारखा. कस्तुराही हसली. तिला वाटलं, सुटलो.

मग त्याचं हसू हळूहळू उतरलं. प्लग हातातच राहिला. तो तिच्या स्टुलावर बसला.

"मला वाटायचं, मला बी ऐकू येतंय," तो म्हणाला. "जरा कमी येतंय, पण येतंय. तुझी बोटं म्हंजे आपली खातरी. बोटं बघितली की मला तेच ऐकू यायचं. चार म्हटलं की चारचं."

ती जमिनीवरचे प्लग गोळा करायला लागली.

"उद्धवरावच्या गाडीला बी आलं ऐकू. दोन नंबर. पाणी पिऊन गाडीपाशी गेलो अन् मला स्वच्छ ऐकू आलं, दोन मेलाय म्हणून. दोन तर जित्ता होता." त्यानं मान वर केली. "मग दोन वर्षं मी काय ऐकलं गं?"

तिनं बोट पलीकडच्या भिंतीकडं केलं. स्टूल तिकडं ठेवू. माठ तिकडं नेऊ. मोजणी परत जुळंल. ती खुणा करत राहिली, एक, दोन, तीन, चार.

भिवानं तिचा हात धरून खाली केला. जोरात नाही.

त्यानं स्टूल हलवलं नाही. दुसऱ्या दिवशी तो एकटाच थेरगावला गेला, उद्धवरावच्या घरी. तिथं काय बोलणं झालं ते त्यानं सांगितलं नाही, आणि त्याला किती ऐकू आलं कुणास ठाऊक. उद्धवराव आता आळंदीकडं भाडी मारतो. चाकणची फेरी काही परत मिळाली नाही. येताना भिवा समाधानकडं उतरला आणि शेडची किल्ली त्याच्या टेबलावर ठेवून आला. समाधान मागं धावला, "मामा, तुम्ही नुसते बसा की तिथं, तुमचं नाव आहे," म्हणाला. भिवा म्हणाला, "हां हां," आणि बसमध्ये चढला.

शेड आता समाधानची माणसं चालवतात. यंत्र आलं. गल्लीतून जाताना कस्तुरा कधी थांबून ऐकते. पाने पडतात, हवेची मशीन चालते, कुणीतरी कुणाला शिव्या देतं, इंजिन चालू होतं, बंद होतं. आवाज होता तसाच आहे. एकानंही तिला अजून विचारलं नाही की मिस्त्री का येत नाहीत.

भिवा दिवसभर घराच्या उंबऱ्याशी बसतो. लांब स्क्रू-ड्रायव्हर त्यानं घरी आणलाय. तो खिडकीच्या कडीत अडकवलाय, वाऱ्यानं खिडकी आपटू नये म्हणून.

परवा दुपारी कस्तुरानं त्याला पाणी दिलं. डाव्या तळहातावर फुलपात्र, नेहमीसारखं. तेवढ्यात गल्लीतून एक गाडी गेली, लंगडत, धक्के देत. मिसिंग. तिच्याही नकळत तिचा उजवा हात वर आला आणि बोटं फुलपात्राच्या काठावर टेकली.

भिवानं बोटांकडं बघितलं. मग गल्लीकडं बघितलं. गाडी पुढं निघून गेली होती.

"काय गेलं?" त्यानं विचारलं.

तिनं बोटं मिटून घेतली आणि मान हलवली. काही नाही.

"हां हां," भिवा म्हणाला, आणि पाणी प्याला.